लिनक्स कर्नलमधील बदलांचा स्वीकार : एका विश्वासव्यवस्थेचा इतिहास (१९९१–२०२४)

प्रास्ताविक

मुक्तस्रोत आज्ञावलीविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे. तिची मूळ संहिता सर्वांना खुली असते, म्हणून तीत कोणीही बदल करू शकतो, असा तो समज होय. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र अर्धाच खरा आहे. स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतलेल्या प्रतीत कोणी कोणताही बदल करावा, त्यास आडकाठी नाही. परंतु तो बदल सर्वांच्या वापरातील अधिकृत प्रतीत समाविष्ट व्हावयाचा असेल, तर तो दुसऱ्या कोणीतरी वाचावा लागतो, त्याला तो पटावा लागतो आणि त्याने तो स्वीकारावा लागतो. सुचविण्याचा अधिकार सर्वांना आणि स्वीकारण्याचा अधिकार मोजक्यांना, अशी ही व्यवस्था आहे. पहिला अधिकार परवान्याने दिला. दुसऱ्याविषयी परवाना मौन बाळगतो. हे मौन कसकसे भरून काढले गेले, याचा लिनक्स कर्नलच्या आधारे मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

कर्नल म्हणजे संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणाऱ्या आज्ञावल्या यांच्या मधोमध राहून स्मृती, साठवण व नेटवर्क यांचे वाटप करणारा गाभा. अँड्रॉइड भ्रमणध्वनीपासून बँकांच्या सर्व्हरपर्यंत लिनक्सचा गाभा वापरला जातो. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील एकूण एक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून त्यावर चालत आले आहे. तेव्हा या गाभ्यात कोणाची ओळ शिरते आणि ती कोणाच्या शब्दावर शिरते, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

पूर्वपीठिका

कर्नलमध्ये बदल सुचवावयाचा तर तो ‘पॅच’ या स्वरूपात पाठवावा लागतो. पॅच म्हणजे ठिगळ. संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञा छिद्रित कागदी फितीवर असत, आणि चूक सुधारावयाची तर चुकीच्या छिद्रांवर खरोखरच कागदाचे ठिगळ डकविले जाई. १९४४ मध्ये कार्यान्वित झालेल्या हार्वर्ड मार्क-१ या यंत्राची अशी ठिगळे लावलेली फीत जतन करून ठेवण्यात आलेली आहे.

आधुनिक अर्थाचा पॅच दोन साधनांमुळे शक्य झाला. बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात युनिक्ससाठी ‘डिफ’ ही आज्ञावली रचली. तिच्यामागील पद्धती त्यांनी व जेम्स हंट यांनी १९७६ मध्ये निबंधरूपाने मांडली. एकाच मजकुराच्या दोन प्रती ताडून पाहून त्यांतील भिन्न ओळी तेवढ्या वेगळ्या काढून देणे, हे तिचे काम. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ नावाचीच आज्ञावली प्रसृत केली. डिफने काढलेला भेद दुसऱ्या प्रतीवर चढविण्याचे काम ती करीत असे. बदललेल्या ओळीच्या मागच्यापुढच्या काही ओळीही भेदासोबत पाठविलेल्या असल्या, तर घेणाऱ्याची प्रत थोडी निराळी असली तरी ही आज्ञावली योग्य जागा शोधून काढी. वॉल यांची खरी कर्तबगारी येथे आहे. तंतोतंत सारख्या नसलेल्या प्रतींवर काम करणारी, परस्परांना कधीही न भेटलेली माणसे त्यायोगे एका संहितेवर काम करू शकली.

टेलिफोनच्या तारेवरून संदेश पाठविण्याच्या त्या दिवसांत लहान आकार ही मोठी सोय होती, हे उघडच आहे. त्याहून महत्त्वाचा परिणाम निराळा आहे. बदल ही स्वतंत्रपणे वाचता येणारी, जिच्यावर आक्षेप घेता येईल आणि जी परत पाठविता येईल अशी वस्तू बनली. वजा झालेल्या ओळी, अधिक झालेल्या ओळी आणि आजूबाजूचा संदर्भ एवढेच परीक्षकापुढे येऊ लागले. मुक्तस्रोत विकासाच्या इतिहासात परवान्यांची चर्चा पुष्कळ होते. या सामान्य वाटणाऱ्या उपकरणाची त्या मानाने फारच थोडी होते.

एका माणसाची चाळणी

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर केली, तेव्हा त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. सप्टेंबरमध्ये निघालेली ०.०१ ही आवृत्ती सुमारे १०,००० ओळींची होती. १९९२ च्या आरंभी त्यांनी मूळचा व्यापारास मज्जाव करणारा परवाना सोडून रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाचा सार्वजनिक परवाना स्वीकारला. मार्च १९९४ मधील १.० आवृत्तीत ओळींची संख्या सुमारे १,७६,००० झाली होती.

या वाढीच्या काळात स्वीकाराची पद्धत मात्र एकच राहिली. लोक ई-मेलने पॅच पाठवीत, टोरवाल्ड्स ते वाचून पटल्यास स्वतःच्या प्रतीवर चढवीत आणि यथाकाल नवी आवृत्ती प्रसिद्ध करीत. आवृत्त्यांची नोंद ठेवणारी साधने त्या काळी उपलब्ध होती. त्यांनी ती कर्नलसाठी वापरली नाहीत. न पटलेल्या पॅचला पुष्कळदा उत्तरच जात नसे. या मौनाचा अर्थ लावणे पाठविणाऱ्यावर सोपविलेले होते. पॅच नाकारला गेला, वाचायचा राहिला, की टपालाच्या ढिगात हरवला, हे त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. पुन्हा पाठवावा, आणि पुन्हा उत्तर न आल्यास आणखी एकदा पाठवावा, हाच शिरस्ता पडला.

नेटवर्कसारख्या शाखा सांभाळणारी डेव्हिड मिलर, ॲलन कॉक्स यांच्यासारखी माणसे मधल्या काळात पुढे आली होती. त्यांना मेंटेनर म्हणजे त्या त्या विभागाचे पालक मानले जाई. तरीही शेवटचा दरवाजा एकच होता. १९९८ च्या शरद ऋतूत तो तुंबला. पाठविलेले पॅच गहाळ होत असल्याच्या तक्रारी वाढल्या, वाद विकोपास गेला आणि टोरवाल्ड्स काही दिवस कामापासून दूर झाले. लॅरी मॅक्वॉय यांनी तेव्हाच, हा दोष व्यक्तीचा नसून साधनांचा आहे आणि एका माणसाची क्षमता कितीही ताणली तरी ती प्रकल्पाच्या वाढीस पुरणार नाही, असे प्रतिपादन केले. जानेवारी २००२ मध्ये रॉब लँडली यांनी किरकोळ दुरुस्त्या गोळा करून पुढे पाठविण्यासाठी एक स्वतंत्र माणूस नेमावा असे सुचविले, तेव्हा तेच दुखणे पुन्हा वर आले. टोरवाल्ड्स यांचे उत्तर उद्बोधक होते. असे लोक पूर्वीपासून आहेतच, ते म्हणजे विभागांचे मेंटेनर. आपण मोजक्या माणसांवर विश्वास ठेवतो आणि ती माणसे आणखी काहींवर, असा त्याचा आशय होता. आजवर अलिखित असलेली घटना त्यांनी प्रथमच शब्दांत मांडली, असे म्हणावे लागते. विश्वास संहितेवर नव्हे, माणसांवर ठेवला जात होता, आणि तो पायरीपायरीने वर चढत होता.

सोय आणि तत्त्व

फेब्रुवारी २००२ मध्ये टोरवाल्ड्स यांनी मॅक्वॉय यांच्या कंपनीची ‘बिटकीपर’ ही आवृत्तीनोंद प्रणाली वापरण्यास सुरुवात केली. प्रत्येक मेंटेनरकडे इतिहासासह संपूर्ण प्रत, आणि प्रतीप्रतींतील बदल परस्परांत मिसळण्याची सोय, हे तिचे वैशिष्ट्य. मेंटेनरांच्या साखळीला अनुरूप असे हे पहिले साधन. बदल स्वीकारण्याचा वेग वाढला. परंतु बिटकीपर मुक्तस्रोत नव्हती. ती विनामूल्य वापरणाऱ्याने तिच्याशी स्पर्धा करणारे साधन विकसित करू नये, अशी अट तिच्या परवान्यात होती. स्टॉलमन यांनी या निवडीस कडाडून विरोध केला आणि काही कर्नल विकासकांनीही बिटकीपर वापरण्यास नकार दिला. त्यांच्या सोयीसाठी बिटकीपरमधील बदलांची एक प्रत ‘सीव्हीएस’ या जुन्या मुक्त प्रणालीत उपलब्ध करून देण्यात येत असे.

नोव्हेंबर २००३ मध्ये नेमक्या याच दुय्यम प्रतीत एक अनाहूत बदल आढळला. तो अवघ्या दोन ओळींचा होता. एका प्रक्रियेने दुसरीची वाट पाहावी यासाठी असलेल्या आज्ञेत, विशिष्ट दोन पर्याय एकत्र दिले आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असला तर चूक कळवावी, असे त्या ओळींचे दर्शनी रूप होते. सी भाषेत तुलना करावयाची तर बरोबरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते. एकदाच लिहिले तर तुलना न होता उजवीकडील किंमत डावीकडे बसते. या ओळींत ते चिन्ह एकदाच होते. परिणामी ते दोन पर्याय देणारा कोणताही सामान्य वापरकर्ता शून्य क्रमांकाचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, बनला असता. घाईघाईने वाचणाऱ्यास ती नवशिक्याची चूक वाटावी, इतकी ती बेमालूम होती. दोन्ही प्रती ताडून पाहण्याच्या नित्य तपासणीत हा बदल उघडकीस आला, कारण त्यास बिटकीपरमधील कोणत्याही मूळ नोंदीचा आधार नव्हता. मुख्य प्रतीत तो कधीच गेला नाही. तो घुसडणारा कोण, हे आजतागायत निश्चित झालेले नाही. चोरी ओळींच्या गुणदोषांवरून पकडली गेली नाही, त्यांना वंश नव्हता म्हणून पकडली गेली, ही बाब येथे ध्यानात घ्यावी.

न्यायालयातून आलेला प्रश्न

त्याच वर्षी वंशाचा प्रश्न निराळ्या दिशेनेही आला. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमविरुद्ध १ अब्ज डॉलरच्या भरपाईचा दावा दाखल केला. आयबीएमने युनिक्सची संरक्षित संहिता लिनक्समध्ये घातली, असा तिचा आरोप होता. पुढे तिने लिनक्स वापरणाऱ्या सुमारे १,५०० कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे पाठविली. दाव्यात तथ्य किती, हा न्यायालयाचा विषय होता आणि तो कमालीचा रेंगाळला. उभय पक्षांतील अखेरची तडजोड २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरवर झाली. दरम्यान युनिक्सचे स्वामित्वहक्क एससीओकडे नसून नॉव्हेलकडे असल्याचा निर्णय २००७ मध्ये झाला आणि २०१० मध्ये पंचांनीही तोच कौल दिला.

तथापि या आरोपाने एक उणीव उघडी पाडली. १९९१ ते २००२ या काळातील एखादी ओळ कोणी लिहिली आणि कोणामार्फत आली, हे सांगणारे सलग दफ्तर नव्हतेच; विखुरलेली टपाले आणि प्रसिद्ध आवृत्त्या एवढीच साधने होती. डिसेंबर २००३ मध्ये एससीओने काही फायलींची नावे पुढे केली. त्यांपैकी अक्षरांचे प्रकार ओळखणाऱ्या लहान सूत्रांविषयी टोरवाल्ड्स यांनी ०.०१ ही आवृत्ती काढून पाहिली आणि असे दाखविले की, १९९१ मधील ती सूत्रे इतकी ओबडधोबड व सदोष आहेत की ती अन्यत्रून उचललेली असणेच शक्य नाही. हस्तलिखितांचे संपादन करणारे अपपाठांवरून प्रतींचा वंश ठरवितात. येथे चुकीने कर्तृत्वाची साक्ष दिली. पण असा पुरावा प्रत्येक ओळीला मिळेल, हा भरवसा कोणी द्यावा?

मे २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी त्यावर उपाय मांडला. प्रत्येक पॅचच्या अखेरीस ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी एक ओळ असावी आणि तीत नाव व ई-मेलचा पत्ता असावा. ही सही म्हणजे ‘विकासकाचे उगम-प्रमाणपत्र’ या छोट्या मसुद्याचा स्वीकार होय. हा बदल मी स्वतः लिहिला आहे व तो देण्याचा मला हक्क आहे. किंवा तो सुयोग्य परवान्याखालील पूर्वीच्या कामावर आधारलेला आहे. किंवा असेच प्रमाणपत्र देणाऱ्या दुसऱ्याकडून तो मजकडे जसाच्या तसा आला आहे, असे सही करणारा म्हणतो. पॅच ज्या ज्या मेंटेनरच्या हातून वर जाई, तो तो आपली ओळ खाली जोडी. त्यामुळे प्रत्येक बदलाखाली सह्यांची उतरंड तयार होऊ लागली.

ग्नू प्रकल्पाने याच प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले होते. तेथे प्रमुख आज्ञावल्यांना हातभार लावणाऱ्याने आपला स्वामित्वहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे लेखी करून द्यावा, अशी प्रथा होती. न्यायालयात उभे राहण्याच्या दृष्टीने ती अधिक भक्कम, परंतु आठ-दहा ओळींची दुरुस्ती पाठविणाऱ्यास जाचक होती. लिनक्समध्ये हक्क ज्याचा त्याच्याकडे राहिला. त्याची किंमतही आहे. २००७ मध्ये सार्वजनिक परवान्याची तिसरी आवृत्ती निघाली, ती टोरवाल्ड्स यांना रुचली नव्हतीच. पण रुचली असती तरी हजारो हक्कधारकांची संमती मिळविल्यावाचून कर्नलचा परवाना बदलणे त्यांना शक्य नव्हते. या दोन मार्गांपैकी हलका मार्ग पुढे अधिक चालला. ग्नूच्या छत्राखालील ‘जीसीसी’ या प्रकल्पानेही २०२१ मध्ये सहीचा पर्याय मान्य केला.

गिट

बिटकीपरचा संसार तीन वर्षेच टिकला. सांबा या प्रकल्पाचे जनक अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकणारे मुक्त साधन लिहावयास घेतले. सर्व्हरशी साधी जोडणी करून ‘हेल्प’ एवढा शब्द टंकला की तो सर्व्हर आपल्या आज्ञांची यादी स्वतःच देतो, हे त्यांनी कॅनबेरा येथील परिषदेत सर्वांसमक्ष दाखविले. मॅक्वॉय यांनी याला कराराचा भंग मानले आणि एप्रिल २००५ मध्ये विनामूल्य वापर बंद होत असल्याचे जाहीर झाले. ज्यांनी २००२ मध्ये तत्त्वासाठी विरोध केला होता, त्यांचे भाकीत खरे ठरले. (बिटकीपर स्वतः २०१६ मध्ये मुक्तस्रोत झाली, तोवर तिची गरज कोणास उरली नव्हती.)

टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिल २००५ रोजी ‘गिट’ लिहावयास घेतले. ७ एप्रिलला गिटची संहिता गिटमध्येच नोंदली जाऊ लागली आणि जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती त्याच्या साह्याने निघाली. जुलैमध्ये त्यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हामानो यांच्याकडे सोपविली. गिटमध्ये प्रत्येक नोंदीस तिच्या आशयावरून गणिताने काढलेले चाळीस अक्षरांकांचे नाव मिळते, आणि त्या आशयात आधीच्या नोंदीचे नावही अंतर्भूत असते. जुन्या नोंदीतील एक अक्षर बदलले तरी तेथून पुढच्या सर्व नोंदींची नावे बदलतात. इतिहासात गुपचूप फेरफार करणे त्यामुळे जवळजवळ अशक्य होते. शिवाय प्रत्येक नोंदीत लेखक आणि नोंदकर्ता असे दोन स्वतंत्र रकाने असतात. बदल लिहिणारा आणि तो आत घेणारा या दोघांची नावे कायम राहतात. पुढे वाचणाऱ्याची, तपासणाऱ्याची व चाचणी घेणाऱ्याची नावेही खाली येऊ लागली. परीक्षकाचे नाव गुप्त ठेवण्याच्या विद्यापीठीय प्रथेच्या हे नेमके उलट आहे.

या तरतुदीची कसोटी ऑगस्ट २०११ मध्ये लागली. कर्नलच्या मुख्य वितरणस्थळाच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरल्याचे आढळले आणि ते स्थळ कित्येक आठवडे बंद ठेवावे लागले. संहितेच्या अखंडतेविषयी मात्र फारशी धास्ती उरली नाही, कारण हजारो विकासकांपाशी त्याच नावांच्या साखळीसह संपूर्ण इतिहास होता. त्यानंतर मेंटेनरांनी प्रत्यक्ष भेटून एकमेकांच्या सांकेतिक किल्ल्यांवर सह्या करण्याची पद्धत रूढ केली. संगणकाच्या या सर्वांत गुंतागुंतीच्या प्रकल्पात ओळख पटविण्यासाठी अखेर समोरासमोर बसावे लागले.

विश्वासाचा गैरवापर

नोंदी आणि सह्या यांनी बदल कोठून आला हे सांगता येते. पाठविणाऱ्याचा हेतू कळत नाही. कर्नलची संहिता आज ३ कोटींहून अधिक ओळींची आहे, दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि तीत साधारणतः दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यांतील बहुसंख्य बदल आता कंपन्यांच्या पगारी अभियंत्यांकडून येतात. परीक्षकांची संख्या या प्रमाणात वाढलेली नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमक्या या दुबळ्या जागी प्रयोग केला. दिसावयास उपयुक्त पण प्रत्यक्षात दोष निर्माण करणारे पॅच परीक्षकांच्या नजरेतून सुटतात काय, हे पाहण्यासाठी त्यांनी असे पॅच पाठविले आणि त्यावर निबंध लिहिला. आपल्यावर प्रयोग होत आहे याची परीक्षकांना कल्पना नव्हती. एप्रिल २०२१ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल स्वीकारणे थांबविले आणि पूर्वीचे सुमारे १९० बदल फेरतपासणीसाठी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. संशोधकांनी निबंध मागे घेतला. प्रकल्पाच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने केलेल्या चौकशीत, प्रयोगातील सदोष पॅच मुख्य संहितेत शिरलेच नव्हते आणि विद्यापीठाकडून आलेले अन्य बहुतांश बदल प्रामाणिक होते, असे दिसून आले. संशोधकांचा प्रश्न गैर नव्हता. परंतु विद्यापीठाच्या नैतिकता समितीने या प्रयोगात मानवी विषय गुंतलेले नाहीत असे मानले होते, हा निर्णय समर्थनीय वाटत नाही. मेंटेनरांचा वेळ आणि त्यांचा परस्परविश्वास हीच तर प्रयोगाची सामग्री होती.

कर्नलबाहेर घडलेली पण त्याच्या मेंटेनरांनाही अस्वस्थ करणारी घटना मार्च २०२४ मधील आहे. ‘एक्सझेड’ या माहितीचे आकुंचन करणाऱ्या लहानशा प्रकल्पात एका टोपणनावाने वावरणाऱ्या योगदात्याने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त बदल पाठविले, एकट्या व थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळविला, सहपालकाचा अधिकार प्राप्त केला आणि मग सर्व्हरमध्ये चोरवाट उघडणारी संहिता प्रसिद्ध आवृत्तीत घातली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास सर्व्हरवर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून ती २९ मार्चला उघड झाली. २००३ मधील चोर भिंत फोडून आला होता. हा दारातून, रीतसर आला.

ओळखीचा अर्थ काय, हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. सही खऱ्या नावानेच असावी असा कर्नलचा मूळ नियम होता. २०२३ मध्ये तो ‘ज्ञात ओळख असावी, निनावी योगदान नको’ असा शिथिल करण्यात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मात्र ओळखीला राष्ट्रीयत्वाची बाजूही जडली. निर्बंधविषयक कायद्यांच्या पालनाचे कारण देऊन रशियाशी संबंधित सुमारे डझनभर व्यक्तींची नावे मेंटेनरांच्या यादीतून काढण्यात आली. पुरेशी कागदपत्रे सादर केल्यास ती पुन्हा घेता येतील, एवढेच त्या नोंदीत म्हटले होते. टोरवाल्ड्स यांनी निर्णयाचे समर्थन केले, अनेकांनी निषेध केला. यादीतील नावे एका पॅचने गेली. त्याच व्यक्तींनी वर्षानुवर्षे स्वीकारलेल्या बदलांखालील त्यांच्या सह्या मात्र इतिहासात तशाच आहेत, कारण त्या खोडावयाच्या तर तेथून पुढच्या प्रत्येक नोंदीचे नाव बदलावे लागेल.